आतल्या माणसाचं नाव

माजा जलम मिठागरावरचा. उरनच्या बाजूला खाडी आत शिरते ना, तिथं आमचं गाव, आता तिथं कंटेनरचे डेपो झालेत, हितं मीठ पिकायचं असं सांगितलं तर तुमाला पटायचं नाय. बा रोज सकाळी बांधावरनं चालायचा, अनवानी, टाच दाबत दाबत, आनि मी त्याच्या पाठी. कशाला दाबतोस रं बाबा, तर बोलायचा, खेकडं आतनं पोखरतात, वरनं बांध चांगला दिसतो पन पायाला पोकळ लागतो, आनि उधान आलं का तेवढ्याच जागेतनं फुटतो. उधानाच्या टायमाला बा बांधावर आनि आय दारात, अवो, अवो करून हाका मारायची. नाव घ्यायची नाय. पानी वाढतंय, आय नुसती अवो अवो करते आनि वाऱ्यात बाचा आवाज येत नाय, ते भ्या तवापासनं माज्या पोटात बसलंय बघा. बा पुढं आजारानं गेला, बांधानं नाय मारला. पन भ्या काय गेलं नाय.

नाव का नाय घ्यायचं, तर आमच्यात बोलतात, नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं का त्याचं आयुष्य घटतं. लग्नात उखाना घेतला तेवढाच. कोन गावात दिली मला, हायवेच्या कडेला, सासूनं पयल्याच दिवशी बजावलं, बघ गो, येक हाक म्हंजे त्याचा येक दिस कमी. हसताय तुमी. आमची मनीषा पन हसते, ती विचुंब्याला बिल्डिंगीत राहते, नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, अरे-तुरे करते, जावई चांगला गुटगुटीत हाय, त्याला काय झालंय? पन मला नाय जमलं. आमचे हे म्हंजे मनीषाचे बाबा. बस.

जमिनी कंपन्यांत गेल्या, मग आमी बी कंपनीत गेलो. मी पयल्यांदा झाडू माराला होती. मग येक सेफ्टीवाली मॅडम आली, पोरगीच, पन कडक, ती बोलली, मावशी, तुमचा आवाज मोठा हाय, तुमी म्यानहोलवर बसा. म्यानहोल म्हंजे त्या मोठ्या टाकीला मानूस आत जावाचं भोक असतं ते. कंपनी बंद ठेवतात तवा टाकी मोकळी करतात, आतली हवा तपासतात, पंखा लावतात, मग मानूस आत जातो, आनि बाहेर भोकापाशी येक जन बसवतात. ते काम माजं. आतल्या मानसाला नावानं हाक माराची, त्यानं हाय बोलाचं, म्हंजे मी हाय, शुद्धीत हाय. परत हाक माराची, परत हाय. दोनदा हाक मारून हाय आलं नाय तर शिट्टी फुंकाची, बचाववाले येतात तोंडाला हवेची नळकांडी लावून. आनि आपन आत जावाचं नाय. मॅडमनी मला हे इतक्यांदा सांगितलं का झोपेतनं उठवलंत तरी सांगेन. काय बी होऊ दे, मावशी, आत जावाचं नाय.

का ते पन सांगते. दुसऱ्या येका कंपनीत नायट्रोजन राहिला होता टाकीत. त्याला वास नाय, रंग नाय, मानूस खाली बसतो तो बसतोच. आतला पडला म्हनून बाहेरचा धावला, तो बी पडला. येकाच आळीतले दोघं. मी गेली होती मयताला, दोघांच्या बायका शेजारी शेजारी बसलेल्या, कोन कोनाला धरनार? मी घरी आली ती दोन दिस जेवली नाय. हे बोलले, सोड ते काम. पन मी सोडलं नाय, मला वाटलं, भोकापाशी मी असली तर बरं. ह्यांचं काम आतलं होतं ना.

ह्यांचं काम जाडी मोजाचं. तपासनीवाल्या पार्टीत हे आधी शिडी धराला, घासाला होते, मग मशीन हातात आलं. भिंतीला चिकट मलम लावाचं, त्याच्यावर मशीनची बोंडी टेकवाची, पत्रा किती जाड उरलाय तो आकडा दिसतो, तो मोठ्यानं बोलाचा, बाहेर पुन्याचे इंजिनियर साहेब लिवून घेतात. साहेब चांगला मानूस, इचारलं का समजावून सांगाचे. मी इचारलं, साहेब, पत्रा पातळ होतो कसा? तर बोलले, आत गंज खातो, मावशी. टाकी बांधतानाच दाबाला लागते त्याच्यापेक्षा थोडी जादा जाडी ठेवतात, गंज खानारच, म्हनून त्याला खावाला ठेवलेली. मी बोलली, आनि ती खाऊन झाली का? ते बोलले, मग तो आपलं खातो. म्हनून मोजाचं.

आता त्या दिवसाचं ऐका. टाकी उभी, दोन मानसं उंच, आमच्या ओळखीचीच, कारन तिच्या सावलीत आमी सगळे डबा खायाचो, पाठ टेकून, वर्सानुवर्सं, ती चालू असताना. तवा आत केवढा दाब असतो आमाला काय ठाऊक, कोमट लागायची, थंडीत बरं वाटाचं. त्या दिवशी हे आत गेले, येकटे. मॅडमनी मला सूट दिली होती, मावशी, तुमच्या ह्यांना तुमी काय पायजे ते बोला पन मोठ्यानं बोला. तर मी मनीषाचे बाबा अशी हाक माराची, ते हाय बोलाचे, आनि मधनंमधनं आकडं. बारा. बारा. साडेअकरा. पंख्याची नुसती घरघर, तरी आकडं ऐकू यायाचे. साहेब पलीकडचा पाइप बघाला गेले, जाताना ह्यांना बोलले, आकडा बघून ठेव रे, आलोच. मी बसलेली.

आकडं थांबलं. आकडा सांगाला साहेब नाय म्हनून थांबलं असंल, मी मनाला सांगते. हाक मारली, मनीषाचे बाबा. काय नाय. परत मारली, गळा फाटेस्तोवर. काय नाय. काय सांगू तुमाला, त्या भोकातनं काळोख तेवढा दिसतोय. माजा हात भोकाच्या कडीवर गेला. खोटं कशाला बोलू, हात गेला, मान बी वाकली. आनि त्या दोघी दिसल्या मला, शेजारी शेजारी बसलेल्या. मी हात काढला. शिट्टी फुंकली, फुंकली, आनि शिट्टी तोंडातनं पडल्यावर माज्या तोंडातनं आलं, हसुराम! लग्नानंतर पयल्यांदा. हसुराम, ये हसुराम! अन आतनं आवाज आला, बारीक, हाय.

बचाववाले धावत आले तवर हे आपलेआप बाहेर आले. तोंड चुन्यासारखं. मला वाटलं वायू लागला. तसं नव्हतं. बोलले, साहेबांना बोलवा, पाच बी भरत नाय. येका जागी आकडा धडकन खाली आला, ह्यांना वाटलं मशीन बिघडलं, पुसून पुसून लावलं, घासून लावलं, तोच आकडा. मग ह्यांनी मनात मोजलं, आतनं ही जागा म्हंजे बाहेरनं कुठं, तर जितं आमी पाठ टेकून जेवतो ती. माजी हाक ऐकू आली होती, बोलले, पन घशातनं शब्द निघंना, एवढ्याशा पत्र्याला आपन पाठ लावून बसत होतो. मग नाव ऐकलं आनि दचकून तोंड उघडलं.

मग साहेबांनी हिशोब केला, वरच्या साहेबांशी लई वाद झाला. वरचे बोलले, टाकी थांबवाची नाय. आमचे साहेब बोलले, ह्या दाबाला चालनार नाय, पत्रा कापून नवीन लावा नायतर दाब उतरवा. शेवटी दाब उतरवला, नवीन पत्रा पुढं कंपनी मोठी बंद ठेवतील तवा, तवर ती जागा पुन्ना पुन्ना मोजाची. साहेबांनी फिट लिवून दिलं. मी इचारलं, साहेब, फिट म्हंजे? तर बोलले, आजच्या जाडीला आजच्या दाबाला फिट, मावशी. आनि उद्याला? उद्याला परत मोजाचं. मानूस खोटं बोलला नाय, पन मला त्या रात्री झोप लागली नाय.

तर आता असं हाय. टाकी चालू हाय, घुमते, आनि हे बाहेरनं मोजतात, खडूनं गोल केलाय तिथं. डबा आमी लांब गेटपाशी खातो. तिथं कोनी जाऊ नये म्हनून पट्टी बांधलीय, तिच्या अलीकडं मी उभी राहते, मला कोनी उभी केलेली नाय, आनि हाक मारते, हसुराम. हे वळत नाय, नुसता हात वर करतात. पोरं हसतात, मावशी लाजत नाय आता. लाजू कशाला? घरी बी मारते, न्हानीत गेले तरी मारते. सासूचं बोलनं डोक्यातनं जात नाय, येक हाक येक दिस, मी किती खाल्ले असतील त्यांचे? पन न मारून भागत नाय. मग साहेबांचं बोलनं धरून बसते. देवानं बी मानूस बांधताना लागतं त्याच्यापेक्षा थोडं जादा ठेवलं असंल, माज्या हाकांना खावाला. किती उरलंय ते मोजाला मशीन नाय, तेवढंच भ्या.

तुमच्या घरची मानसं हाकेला ओ देत राहू देत, एवढंच मागते. चा घ्या, निवला. थांबा जरा, न्हानीतलं पानी बंद झालं. हसुराम! ये हसुराम!

ऐकलंत ना तुमी? हाय बोलले ना?