रखमाजी पखवाज्याची धडधड

मंडळी, ऐका! मागची मंडळी जरा पुढं सरका, खांबाला टेकून झोप लागते. हं!

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. हा देह देवानं दिला, बरोबर? मग त्याची राखण करावी की करू नये? ...करावी! वा! उत्तर पहिल्यांदा त्या काकूंनी दिलं, ज्यांच्या गुडघ्याला पट्टा आहे. करावीच, काकू! पण मला सांगा, राखण करता करता माणूस देहावर पाळतच ठेवायला लागला तर? मग देह नांदतो की बिथरतो?

हेच रखमाजीचं झालं.

रखमाजी कोण? बेलशेत गावचा पखवाजी. – आमचे पखवाजवाले आबा, माझ्याकडं असे बघू नका, तुमच्यावर नाही बोलत! – साठी ओलांडलेला गडी, पण हात असा, की पखवाजाच्या डाव्या अंगावर थाप पडली की देवळाची कौलं जागी व्हायची. आणि गाणारे दगडूबुवा, त्याचे लंगोटीयार. बुवांनी तोंड उघडायच्या आधी रखमाजीला कळायचं, आज आवाज कुठवर जाणार. जोडी म्हणजे जोडी!

तर झालं काय, दिवाळीला पुण्याचे जावई आले. त्यांनी सासऱ्याच्या मनगटात एक घड्याळ बांधलं. रखमाजी म्हणाला, वेळ दाखवतं का? जावई म्हणाले, वेळ तर दाखवतंच, छातीचे ठोकेसुद्धा दाखवतं! खाली हिरवा दिवा लुकलुकतो, वर आकडा येतो.

झालं! साठ वर्षं छाती मुकाट्यानं ठोके देत होती, कुणी विचारलं नव्हतं. आता विचारपूस सुरू झाली. बसला – सत्तर. उठला – नव्वद. देवळाच्या पायऱ्या चढला – एकशे दहा! रखमाजीच्या कपाळाला घाम. घामानं भीती, भीतीनं धडधड, आकडा आणखी वर! आकडा बघून भीती... मंडळी, कुत्रं आपल्याच शेपटीमागं धावतं ना, तसं! आणि त्यात आदल्या दिवशीचा मिरचीचा ठेचा छातीत जळत होता. म्हणाला, "मथुरा, माझं काही खरं नाही गं."

मथुराबाई, म्हणजे मंडळी, त्याची कारभारीण. ती म्हणाली, "मग काढा ते घड्याळ."

"जावयानं दिलंय! काढू कसं?"

बरोबर आहे. आपल्याकडं जावयाचं दिलेलं काढायची सोय आहे का? नाही!

मथुराबाई त्याला गावातल्या डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेली. हे तिनं चांगलं केलं हं! छातीत धडधडलं तर दाखवायला जावंच, अंगावर काढू नये. मॅडमनी छातीची पट्टी काढली – ईसीजी हो – रक्त तपासलं, म्हणाल्या, "हृदय उत्तम. पित्त झालंय. ठेचा बंद."

रखमाजी आनंदानं घरी आला. आनंद किती टिकला? चहा निवेपर्यंत! "मॅडमना सापडलं नसंल." तालुक्याला गेला. तेही म्हणाले, उत्तम. जिल्ह्याला गेला. तेही म्हणाले, उत्तम. तेव्हा तर तो आणखीच घाबरला. "तीन-तीन डॉक्टरांना सापडत नाही, म्हंजे दुखणं किती खोल असंल, मथुरा!"

हसता काय? तुमच्या घरात नाही का असा एक?

मग पथ्यं सुरू. हृदय डावीकडं, म्हणून डाव्या कुशीवर झोपायचं नाही. डाव्या हातानं बादली उचलायची नाही. आणि पखवाज? डाव्या अंगावर थाप मारायची नाही! अहो, धुम निघायची तीच त्या अंगातून. कणीक लावतात बघा त्या बाजूला. आता नुसतं उजवीकडून टकटक, टकटक. भजनाला बसलंय की दार वाजवतंय, कळेना! मथुराबाई म्हणाली, "निदान कणीक तरी वाचली."

पण दगडूबुवा हसत नव्हते.

सप्ताहाचा शेवटचा दिवस आला. देऊळ गच्च. रखमाजीनं पक्कं केलं होतं – आज वाजवायचं, उद्या पखवाज खुंटीला टांगायचा, तो कायमचा. मंडळी, ज्याचं सगळं आयुष्य त्या कातड्यावर गेलं, त्यानं हे ठरवलं. किती भ्याला असेल बिचारा!

भजन सुरू झालं. संथ लय. रखमाजीची एक नजर घड्याळावर. शंभर! मन चरकलं, छाती धडधडली, आणि पखवाज्याचा हात तो, ठोका ऐकला की त्याच्यामागं जाणारच! हात छातीच्या मागं, छाती भीतीच्या मागं, भजन पखवाजाच्या मागं! एकशे वीस! टाळकऱ्यांचे टाळ दिसेनात. एकशे तीस! प्रदक्षिणा घालणाऱ्या बाया पदर खोचून पळायला लागल्या. दगडूबुवा देवाचं नाव घेतायत की बस चुकलेल्या माणसागत धापा टाकतायत? आणि एकशे चाळीस –

"गेलो!" रखमाजी पखवाजावर आडवा!

डॉक्टर मॅडम बायकांतून उठून आल्या. नाडी धरली, छाती तपासली. म्हणाल्या, "काही झालेलं नाही. एवढं वाजवल्यावर हृदय धावणारच. त्यात भीती."

दगडूबुवा धापा टाकत पुढं झाले. "आण ते घड्याळ." काढून स्वतःच्या मनगटाला बांधलं. आकडा आला – एकशे पंचेचाळीस! बुवा म्हणाले, "रखमा, अरे, मी तर तुझ्याआधीच गेलो की!"

सगळं देऊळ हसलं. रखमाजीसुद्धा हसला. पण बुवांचे डोळे भरून आले होते.

"दिवाळीपासनं मी एकटाच गातोय, रखमा. तू छातीचं ऐकत बसलास, माझं गाणं ऐकलंच नाहीस."

"पण धडधडतंय रे, दगडू."

"धडधडू दे की! तो आतला पखवाजी आहे, त्याचं तो वाजवंल. तू गाणाऱ्याकडं कान दे."

रखमाजी उठून बसला. मथुराबाईनं मळलेली कणीक पुढं केली – तिनं घरातूनच आणून ठेवली होती, बायका उगीच नसतात! रखमाजीनं डावा हात उचलला. छाती अजून धडधडत होती बरं का, भीती काही पळून गेली नव्हती. तसाच, भीतीसकट, त्यानं हात सोडला – धुम!

बुवांनी सूर लावला. आणि रखमाजीनं कान दिला. तेव्हा त्याला ऐकू आलं, दगडूचा दम तुटतोय. दगडू म्हातारा झालाय. वरच्या सुराला पोचताना त्याचा आवाज चिरतोय. हे मला कसं कळलं नाही? त्यानं ठेका हळूच सैल केला, मित्राला श्वास घ्यायला जागा दिली. बुवा त्या जागेत असे काही गायले, की मघाशी पळणाऱ्या बाया जागच्या जागी रडल्या.

आणि छाती? मंडळी, छाती आहे हे रखमाजीला प्रसादाच्या वेळी आठवलं! तेही पानातला ठेचा बघून.

गोष्ट संपली? छे! दुसऱ्या दिवशी दगडूबुवा मनगट धरून रखमाजीच्या दारात. "रखमा, माझं शंभराच्या खाली येईना रे!" मथुराबाईनं घड्याळ हिसकावलं आणि देव्हाऱ्यात देवापुढं ठेवलं. जावयाचा मानही राहिला, दोन म्हातारेही सुटले.

तर मंडळी, घरी जाऊन सांगू नका, की कीर्तनकार म्हणाले, औषध टाका. औषध घ्या, डॉक्टरांनी बोलावलं की जा, आणि ते ठीक आहे म्हणाले की एकदा तरी त्यांचं खरं माना! मग कान बाहेर द्या. तुमच्या शेजारी कुणीतरी एकटं गात असेल.

आणि आता मला सांगा – ही गोष्ट सुरू झाल्यापासून कितीजणांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेलाय? लपवू नका, इथून सगळं दिसतं! पांढरी टोपी, तुम्ही. काकू, तुम्हीसुद्धा! दोन्ही हात नाडीत अडकले, तर देवाला टाळी कोण देणार? सोडा ते मनगट! सोडलं? वर घ्या हात! आबा, डाव्या अंगाची येऊ द्या – धुम! आणि टाळी!