जावयाचा पिझ्झा

...नाही, पण मी म्हणतो, नऊ वर्षं कमी झाली का? नऊ वर्षांत माणूस घर बांधतो, कर्ज फेडतो, दोनदा निवडूनसुद्धा येतो... आणि मला साधं एका फळ्यावर चढता येऊ नये? आता बोला!

थांबा, नीट सांगतो. आमच्या सासरेबुवांचं पिझ्झाचं दुकान आहे. गाव एवढंसं, या टोकाला शिंकलात तर त्या टोकाचा माणूस विचारतो, सर्दी झाली का. सहा टेबलं, लाकडावरची एक भट्टी आणि काउंटरच्या मागे हा भला मोठा काळा फळा. आता जगातल्या फळ्यांवर काय असतं? पदार्थांची नावं. आमच्या फळ्यावर नातेवाईक! 'आईचा', 'काकांचा', 'मोठ्याचा', 'सूनबाईंचा'. गिऱ्हाईक येतं आणि खुशाल सांगतं, दोन आईचे द्या, एक काकांचा द्या, पण काका जरा कडक भाजा. नवीन माणूस दारातनंच परत जातो हो!

तर त्या घरात रीत अशी, की दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा एक पिझ्झा फळ्यावर हवा. आपण करायचा, सगळ्यांनी मधल्या टेबलाभोवती बसून खायचा आणि सासऱ्यांनी निकाल द्यायचा. माझ्या बायकोचा चौदाव्या वर्षी लागला. मेहुण्याची बायको माझ्यानंतर तीन वर्षांनी घरात आली, तिचा दुसऱ्या महिन्यात लागला. आणि मी? शहरातली चांगली नोकरी सोडून आलो. 'दोनच महिने मदतीला चला हो' असं बायको म्हणाली होती. ते दोन महिने अजून चालू आहेत!

पहिल्या वर्षी मी कांदा चार तास परतला. चार तास! डोळ्यांचं पाणी, नाकाचं पाणी, सगळं एक झालं. सासऱ्यांनी घास घेतला, छताकडे बघितलं आणि चावायला लागले. त्यांचं चावणं म्हणजे काय सांगू तुम्हाला, तेवढ्यात माणूस दाढी करून येईल. सगळं घर त्यांच्या जबड्याकडे बघतंय. मग बोटं पुसली आणि म्हणाले, "चांगला आहे. पण आपला नाही." उठले! संपली सभा. दुसऱ्या वर्षी मका, तिसऱ्या वर्षी नासपती... पाचव्या वर्षी तर लाज सोडली आणि सासऱ्यांना आवडतं ते सगळं एकाच पिझ्झावर घातलं. मिटक्या मारत अख्खा खाल्ला त्यांनी. वर काय? चांगला आहे, पण आपला नाही. आता बोला!

तुम्हाला वाटेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मीही तसंच म्हणायचो. पण माझी मुलगी सहा वर्षांची झाली, वाचायला लागली. एक दिवस फळा वाचून आली आणि मला विचारते, "बाबा, सगळ्यांचं नाव आहे, तुझंच नाही. तू पाहुणा आहेस का?" खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला घास गेला नाही. पिझ्झा गेला खड्ड्यात हो, पण पोरीनं असं विचारावं?

मग ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी नववा पिझ्झा केला. अहो, परिपूर्ण! सासऱ्यांनी छताकडे बघितलं... तेच. अक्षर न अक्षर तेच. माझं डोकं फिरलं. दुकानात ही गर्दी, मी भट्टीपाशी आणि मनातल्या मनात सासऱ्यांशी भांडतोय. त्या नादात फावड्यावर पीठ टाकायचं राहिलं. लांब दांड्याचं लाकडी फावडं, त्यावरनं पिझ्झा भट्टीत सरकवायचा असतो. तो चिकटला. मी हिसका दिला, तर पठ्ठ्या अर्धा दुमडला आणि वरचं सगळं आत गेलं. मी तरी कुठे बघतोय, माझं भांडण रंगात आलं होतं! बाहेर काढला तेव्हा एका बाजूनं काळाकुट्ट. चपलेसारखा दिसत होता. टाकणार होतो, तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर काउंटरवर. कुणाची तरी गाय अडलेली, गाडी चालूच ठेवलेली. आहे तो द्या म्हणाले, आणि एका हातात ती चप्पल, एका हातात स्टिअरिंग, गेले खात खात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन ट्रॅक्टर. कालचा डॉक्टरांचा द्या म्हणे, एका हातानं खाता येतो तो. दुपारी दूधवाला. संध्याकाळी पोस्टमन, सायकलवरनं न उतरता!

सासऱ्यांनी मला बोलावलं. म्हटलं, झालं, आता बोऱ्या बिस्तरा बांधा. सगळं कबूल केलं, भांडणासकट. आणि सासरे हसायला लागले हो! म्हणाले, "चुकून झालाय ना? मग हा आपला." मग सासूबाईंनी उलगडा केला. त्यांचा झाला तो सॉस घालायला विसरल्या म्हणून, काकांचा झाला तो काकांना भट्टीपुढे डुलकी लागली म्हणून, आणि सूनबाईंच्या हातून मिरपुडीची बरणीच उपडी झाली होती. त्या घरात ठरवून काही धड झालेलंच नाही! मी म्हटलं, अहो, नऊ वर्षं कुणी बोललं का नाही? तर सासूबाई म्हणतात, सांगून केली तर ती चूक कसली. आता बोला!

पण सासऱ्यांनी स्वतः खडू घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जावयाचा'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचा बहाणा करायला जवळपास कांदाही नव्हता.

मग बाजाराचा दिवस आला आणि वीस जणांनी जावयाचा मागितला. आणि मला जमेना! फावड्याला पीठ लावलं नाही, हिसका दिला, तरी सरकला आपला सुळ्ळकन आणि बसला भट्टीत पसरून. इतका गोल पिझ्झा मी आयुष्यात केला नव्हता. दुसऱ्याला जोर लावला, तो निखाऱ्यात. तिसऱ्यासाठी मुद्दाम मनात भांडायला घेतलं, पण आता भांडू कशावरनं? नाव तर लागलं होतं! शेवटी मेहुण्यानं 'द्या दाजी' म्हणून फावडं घेतलं, मनगट जरासं वळवलं... हुबेहूब जावयाचा. सासूबाईंना जमतो. काकांना झोपेत जमतो.

परवा लांबनं एक कुटुंब आलं, खास जावयाचा खायला. विचारलं, यातले जावई कोण? मी छाती काढून पुढे. ते म्हणाले, मग तुमच्याच हातचा हवा. मी बाह्या सरसावल्या, फावड्याला हात घातला, आणि आतनं सासऱ्यांचा आवाज आला, अगदी प्रेमानं हो, "जावईबापू, तुम्ही बसा निवांत. घरची माणसं करतील."

बसलो. काय करता? घरच्यांच्या कामात पाहुण्यानं मधे मधे करू नये.