बाबल्या तांडेलाची झोप

(मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव आटोपला की दुपारी सगळा वाडा डुलकी काढतो. गोदूबाईच्या पडवीत मात्र तिघं जागे आहेत. कोलंबी सोलणारी गोदूबाई. तिचा भाचा हितेश, ज्याला झोपेत चालतो म्हणून फौजेनं घरी पाठवलं. आणि शेजारचे सखाराम, फौजेतले निवृत्त हवालदार-क्लार्क, जे लोकांची अडलेली पेन्शन सोडवून देतात आणि पैशाऐवजी मासळी घेतात.)

गोदूबाई: नाय म्हंजे नाय. मेलेल्या बापसावर मी खोटी सही करायची नाय.

सखाराम: गोदूताई, सही बापसावर नाही, कागदावर करायची आहे. "माझे वडील कैलासवासी बाबल्या तांडेल यांना झोपेत चालण्याचा आजार कधीही नव्हता." एवढं एकच वाक्य आहे. बाकी सगळा मजकूर तुमच्या पत्त्याचा.

गोदूबाई: नि वाड्यात तोंड कसं दाखवू? माजा बापूस रात्री झोपेत बंदरावर जायचा नि सकाळी सांगायचा, बांगडा कुठं लागेल ते. लोक होड्या त्याला विचारून सोडायचे. अजून नारळी पुनवेला पयला नारळ त्याच्या फोटोपुढं येतो. आणि मी लिहून देऊ, तो चालतच नव्हता?

सखाराम: वाड्यात कोण वाचणार आहे? कागद हितेशच्या पेन्शनच्या अपिलाला जोडायचा. तो ज्या कपाटात जाईल तिथून नारळी पौर्णिमा दिसत नाही.

हितेश: काका, आत्याला नको वाटत असेल तर राहू दे.

सखाराम: राहू दे. मग तू काय करणार?

हितेश: बघू काहीतरी.

सखाराम: ट्रॉलरवर तुला कोणी घेत नाही. झोपेत चालणारा खलाशी म्हणजे रोज सकाळी मोजून बघायचा. वॉचमनचं काम मागायला गेलास, तिथं काय म्हणाले?

हितेश: विचारलं, पहारा झोपेत देता की जागेपणी.

सखाराम: मग?

हितेश: मी खरं ते सांगितलं. झोपेत जास्त चांगला देतो.

गोदूबाई: ह्याच्या ह्या खरं बोलण्यानंच घात केलाय. आजाचा ह्या भानगडीशी संबंध काय ते मला नीट सांग, सखारामभाव. कायद्याचं नको, माणसासारखं सांग.

सखाराम: माणसासारखं सांगतो. हा भरती झाला तेव्हा फौजेच्या डॉक्टरनं लिहिलं, जवान ठणठणीत आहे. म्हणजे आजार नंतर आला. नंतर आला म्हणजे नोकरीमुळे आला असं धरतात, आणि नोकरीमुळे आला असेल तर अपंगत्वाची पेन्शन द्यावी लागते. ती टाळायची तर आजार दुसरीकडून आला हे फौजेनं दाखवायचं. ते त्यांना काही केल्या जमलं नसतं. ह्यानं मदत केली.

हितेश: मी काय मदत केली? घरी पाठवायच्या आधी मेडिकल बोर्ड बसलं. मेजरसाहेबांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं आहे का. मी म्हटलं, आहे ना. आमच्या आजोबांना.

सखाराम: तिथं थांबायचं होतं.

हितेश: त्यांनी बसायला खुर्ची दिली, काका. चहा मागवला. एवढ्या नोकरीत माझं कोणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. बांगडा, नारळ, फोटो.

सखाराम: आणि त्यांनी सगळं लिहून घेतलं. गोदूताई, मी आयुष्यभर फौजेचे कागद चाळलेत. मेडिकल बोर्डाच्या कागदावर मॅकरेल, म्हणजे बांगडा, हा शब्द पहिल्यांदा पाहिला. खाली निकाल: आजार घराण्यातून आलेला, लष्करी सेवेशी संबंध नाही, पेन्शन नामंजूर.

गोदूबाई: आणि मी म्हटलं आजाला नव्हता, तर?

सखाराम: तर घराणं सुटलं. मग फक्त फौज उरते.

हितेश: पण आजा होता, काका. मला माहीत आहे. झोपेत माझ्या पुढं कोणीतरी चालत असतं. तोंड दिसत नाही, नुसती पाठ. ती पाठ धरून मी जातो. पायाखाली वाळू असते, कधी बर्फ असतं, आणि दोन्ही सारखंच गरम लागतं. समुद्राचा आवाज येतो, पण समुद्र वर असतो, आभाळाच्या जागी. आणि मला अजिबात भीती वाटत नाही. तो आजाच. मी जन्मायच्या आधी गेला, पण घरचा माणूस पाठीवरून कळतो.

सखाराम: हे बोर्डाला सांगितलं नाहीस ना?

हितेश: चहा संपला होता.

सखाराम: देवाची कृपा. गोदूताई, एक विचारू? तुम्ही स्वतः पाहिलंत त्यांना झोपेत चालताना?

गोदूबाई: लहान होते मी. एकदा मागनं गेले.

सखाराम: डोळे मिटलेले होते?

गोदूबाई: काळोख होता. विडीच्या उजेडात काय दिसणार?

सखाराम: विडी कोणाची?

गोदूबाई: त्याचीच.

सखाराम: झोपेत विडी ओढत होते?

गोदूबाई: मग? त्याला विडीशिवाय चालवायचंच नाय.

सखाराम: पेटवली कोणी?

गोदूबाई: त्यानंच. हाताचा आडोसा करून. बंदरावर वारा केवढा असतो.

सखाराम: गोदूताई.

गोदूबाई: काय?

सखाराम: काही नाही. मी वाट बघतो.

गोदूबाई: बघ. कोलंबी संपेपर्यंत बघ.

हितेश: आत्या, तू ती सोललेली कोलंबी परत सालांत टाकतेस.

गोदूबाई: ...झोपायचाच नाय रे तो. कुठली झोप नि कुठलं काय.

हितेश: म्हणजे?

गोदूबाई: ट्रॉलर आले तेव्हा शिडाच्या होडीला नि ती हाकणाऱ्या तांडेलाला कोण विचारतो? विकलीन त्यानं. आणि विकलीन ती पण ह्याच बंदरात. रोज डोळ्यांसमोर तीच होडी, नि सुकाणावर दुसऱ्याचा हात. दिवसा तिच्याकडं बघायचा नाय. रात्री सगळी निजली की जाऊन तिच्यात बसायचा. मी मागनं गेले तेव्हा बसलेलाच होता. होडी दोरानं बांधलेली. भरतीचं पाणी चढत होतं, ती जागच्या जागी हलत होती नि तिच्यासंगती तो पण हलत होता. विडी तेवढी लाल. मला वाटलं, ही दोघं खूप लांब गेलीत. हाक मारली तर ऐकू जायची नाय.

हितेश: मग झोपेचं कुठून आलं?

गोदूबाई: एका सकाळी नव्या मालकानं धरलंन. विकलेल्या होडीत जुना तांडेल रात्री बसतो म्हंजे त्याचा जीव तिच्यात अडकलाय, अपशकुन झाला. मग जाळं रिकामं आलं की त्याच्याकडंच बोट दाखवायचे. माणसं जमली, हातघाईवर आली. तेव्हा माज्या आयेनं पुढं होऊन सांगितलंन, झोपेत येतात हो ते, त्यांना काय कळत नाय. पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडलंनी. जाग्या माणसाला मारणार होते.

सखाराम: आणि बांगडा?

गोदूबाई: रातभर पाण्याकडं बघत बसलेल्या तांडेलाला कळणार नाय तर कोणाला कळणार?

सखाराम: म्हणजे कागदावरचं वाक्य खरं आहे.

गोदूबाई: खरंच हाय.

सखाराम: मला जरा वेळ द्या. माझ्या धंद्यात हे सहसा होत नाही.

गोदूबाई: पण असं नको लिहू, आजार नव्हता. लोक म्हणतील, घरातच होता, कुठं गेलाच नाय. नीट लिही. जायचा. पण जागा होता.

सखाराम: "माझे वडील रात्री बंदरावर चालत जात असत, परंतु त्या वेळी ते पूर्णपणे जागे असत." ठीक आहे?

गोदूबाई: आये वरनं बघत असंल तर मला झोडपील. पण ठीक हाय. फोटो मात्र जागचा हलवायचा नाय, आणि नारळ फोडताना तू तोंड उघडायचं नाय.

सखाराम: मी फक्त खोबरं घेईन. उद्या सकाळी नोटरीकडे जाऊ. आता तुझं सांग, हितेश. हे कधीपासून?

हितेश: पोस्टवर होतो तेव्हापासून. वर, बर्फात.

सखाराम: तिथं काय झालं?

हितेश: पहाऱ्यावर होतो. माझ्यानंतर धोंडूची पाळी होती, अंजनवेलचा धोंडू. तो बदलीला आला नाही. मला वाटलं, झोपला असेल, झोपू दे. आम्ही एकमेकांना थोडं झोपू द्यायचो. मग उजाडलं. वळून बघितलं तर धोंडू झोपला होता त्या तंबूच्या जागी नुसतं पांढरं. आवाजसुद्धा झाला नव्हता, काका. बर्फ झोपेतल्यासारखं खाली आलं होतं.

सखाराम: मग तू काय केलंस?

हितेश: उभा राहिलो. बदली आल्याशिवाय सेंट्रीनं जागा सोडायची नसते. दुसऱ्या पोस्टवरचे आले, त्यांनी उचलून नेलं. पण ते काही बदलीला आले नव्हते.

गोदूबाई: हे तू डॉक्टरला सांगितलंस?

हितेश: त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी घरचं विचारलं.

सखाराम: कागद पुरणार नाही. दुसरा घेतो.

हितेश: पण मग आत्या, आजा जागा होता, तर माझ्या पुढं कोण चालतं?

सखाराम: त्याचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. राहू दे त्याला.

गोदूबाई: पुढचं मला दिसत नाय, बाला. मागं मी असते.

हितेश: तू?

गोदूबाई: कडी वाजली की उठते. तू जेटीच्या टोकाला जाऊन ताठ उभा राहतोस, खांद्याला माजी नारळ पाडायची काठी. पयल्या वेळी जवळ गेले तर ओरडलास, थम, कौन आता है. मी म्हटलं, तुजी आत्या. तू काय पुढं येऊ देईनास.

सखाराम: सेंट्रीपुढं आत्या चालत नाही. मला येऊन विचारलं ह्यांनी. मी म्हटलं, उत्तर एकच, दोस्त.

हितेश: मग?

गोदूबाई: मग म्हटलं दोस्त. तू म्हणालास, आगे बढ़. गेले. सांगितलं, बदली आलेय. तू काठी माज्या हातात दिलीस, सलाम ठोकलास नि गुमान घरला गेलास. आता रोजचंच झालंय. आपलं दार जेटीवरनं दिसतं, तू आत शिरलास की बघते.

हितेश: आणि मग तू येतेस मागनं?

गोदूबाई: लगेच नाय. काठी घेतलेय तर थोडी उभी राहते.