राजाच्या मानेची किंमत

छे, छे, चार हजार म्हणजे चार हजार, त्यात खाली-वर काही नाही — फोनवर मी हेच सांगितलं होतं, आणि तुम्ही 'येतो' म्हणालात म्हणून तर हा पिंजरा आत आणून ठेवला, नाहीतर तो तिकडे शेडमध्ये असतो, सगळ्यांपासून लांब, एकटा, साहेबासारखा. बसा ना. त्या खोक्यावर नको, आत पिल्लं आहेत — हां, खुर्ची घ्या. आता तुम्ही म्हणणार, बाजारात अख्खा कोंबडा दोन-चारशेत मिळतो आणि हा माणूस नुसत्या मानेच्या पिसांचे चार हजार मागतो. सगळेच म्हणतात. अहो, बाजारातला कोंबडा दीड महिन्यात कापतात, त्याच्या अंगावर पीस कुठलं, नुसता कापूस! आणि तुमचा छंद काय — नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि गळाला पीस गुंडाळून केलेल्या खोट्या माशीनं माशाला फसवायचं. ती माशी पाण्यावर तरंगायला नको? कापूस गुंडाळलात तर पाणी पिऊन तळाला जाईल, आणि मासा शेजारून हसत निघून जाईल. म्हणून चार हजार. वर्ष-दीड वर्ष पोसायचा, प्रत्येकाला वेगळा पिंजरा — एकत्र ठेवले की एकमेकांची पिसं उपटतात मेले — आणि एवढं करून दहांतल्या एखाद्याचं पीस बरं निघतं. हात नका घालू आत! चोच मारतो. मला मारतो, तुम्हालाही मारेल. हिला नाही मारत.

ही म्हणजे आमची मंडळी हो. हे कोंबड्यांचं सगळं तिचंच. बाकीच्यांच्या माना आम्ही विकतो, कातडं पिसांसकट सोलायचं, वाळवायचं, पाकिटात भरायचं — ती स्वतः भरते, डोळ्यांतून टिपूस नाही. हा एकटा तेवढा सुटला. याच्यापासून पुढची पिल्लं घ्यायची म्हणे. बरं, घ्या, माझं काय जातंय? पण लाड किती करायचे त्याला काही माप? हिवाळ्यात त्याला हात लावण्याआधी स्वतःचे हात चहाच्या पेल्यावर शेकून घेते. मला थंडी वाजली तर म्हणते, स्वेटर घाला. मला खोकला झाला तर गोळी कपाटात आहे, आणि हा एकदा शिंकला — कोंबडा शिंकतो, बघितलंय कधी? — तर रात्रभर दिवा लावून त्याच्यापाशी बसली. नाव काय ठेवलंय माहितेय? राजा. लग्नाला आमच्या एकवीस वर्षं झाली, एकवीस, आणि मी अजून 'अहो'च आहे. 'अहो, पाणी तापलंय', 'अहो, बिल भरलंत का'. आणि हा राजा! 'ये रे माझ्या राजा.' मी दारात उभा असतो, हातात दाण्याची बादली घेऊन.

नाही, मला हसू येत नाही, तुम्हाला येतंय तर हसा. पीस कसं पारखते तेही सांगतो, मग हसा. एक पीस काढते पाठीवरचं, अलगद, त्याला कळतसुद्धा नाही, आणि ओठांवरून फिरवते. असं. डोळे मिटून. पिसाचे केस ताठ आहेत की मऊ ते ओठाला कळतं म्हणे, बोटाला कळत नाही. बरोबर आहे, बोटाला नाही कळत, मी करून बघितलंय. पण माणसानं समोर बसून किती बघायचं हो ते? एकदा मी म्हटलं, अगं, आम्हीही आहोत घरात. तर म्हणते, 'शू, अंदाज चुकेल.'

काय म्हणालात? बुडाशी कापूस दिसतोय? कुठे? याच्या पिसाला कापूस? चष्मा पुसा आधी! थांबा, हे बघा — याचंच पीस, असतं माझ्या खिशात, पडलेलं उचलून ठेवतो, फुकट कशाला जाऊ द्यायचं. बघा, या पेन्सिलीभोवती गुंडाळतो. दिसले केस? चहूबाजूंनी उभे, एक कमी नाही, एक जास्त नाही, सगळे एका लांबीचे. आणि दांडी बघा किती बारीक, वाकवा, वाकवा, मोडत नाही. आता खिडकीकडे धरा. राखी दिसतोय ना रंग? आणि कडेला ती सोनेरी झाक? असा राखी वर्षानुवर्षं निघत नाही. त्या धरणापलीकडच्या माणसाकडे शंभर कोंबडे आहेत, त्यानं याच्या मोबदल्यात सहा माद्या देऊ केल्या होत्या, सहा. आणि तुम्ही म्हणे कापूस! नको असेल तर नका घेऊ, पण नाव ठेवायचं काम नाही.

घेता? चार हजाराला? नाही, म्हणजे — आत्ता? लगेच? हां, मीच बोलावलं, मान्य आहे. पण हे बघा, मी तुम्हाला पाच म्हणालो होतो. चार नव्हे, पाच, वाळवायचा खर्च वेगळा पडतो. — पाचही देता? अहो, तुम्ही माणूस आहात की कोण? घासाघीस तरी करा! असा पटकन होकार कोण देतं? चहा टाकतो. नको कसा, घेऊन जा चहा. आणि ते पैसे ठेवा हो खिशात, त्याच्यासमोर नका मोजू.

तिला विचारलंय का? तुम्हाला काय करायचंय हो त्याच्याशी? ती इथे नाहीये. भावाकडे गेलीय. गेल्या महिन्यात. भांडण-बिंडण काही नाही, भांडायला दोघं लागतात, ही तर ऐकून घेते नुसती. त्या दिवशी जेवायला बसलो होतो, आणि मध्येच ती उठली, यानं शेडमधून आवाज दिला म्हणून, भाजी तशीच वाढायची ठेवून. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता एकदाचं सांगून टाक, मी की हा? सरळ विचारलं. बायको काय उत्तर देते अशा वेळी? 'काहीतरीच काय बोलता' म्हणते, नाही? रडते, ओरडते, निदान ताट आपटते. ही शांतपणे हात धुऊन आली आणि म्हणाली, 'विचार करून सांगते.' विचार करून! एकवीस वर्षं माझ्याबरोबर आणि जेमतेम तीन वर्षं त्याच्याबरोबर, त्यात विचार काय करायचा? आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. मेहुणे तिसऱ्या मजल्यावर राहतात, तिकडे कोंबडा चालत नाही, नाहीतर मला ठेवलं असतं आणि त्याला नेलं असतं. तसं ठेवलंच आहे म्हणा. म्हणून तुम्हाला फोन केला, आता कळलं? म्हटलं, हाच नसला तर विचार करायला तिच्यापुढे उरलं कोण? मी. एकटा मीच. दुसरा पर्यायच नको.

बरोबर आहे की नाही? नाही, बोला ना. बरोबरच आहे. फक्त एक गोष्ट आहे. ती फोन करते. रोज, संध्याकाळी. माझ्यासाठी नाही हो! 'त्यानं खाल्लं का? पाणी कोमट दिलंत का? द्या त्याला.' मग मी फोन पिंजऱ्याला लावून उभं राहायचं, ती तिकडून राजा, राजा करते, हा इकडून घशातल्या घशात काहीतरी बोलतो, आणि मला ते सगळं ऐकू येतं. जळतो मी, खोटं कशाला सांगू, पाय दुखेपर्यंत उभा राहून जळतो. परवा तर यानं तोंडच उघडलं नाही. पिसं गळायचे दिवस आहेत, रुसलेला असतो. ती तिकडे हाका मारतेय, मारतेय, तिचा आवाज बारीक व्हायला लागला, आता फोन ठेवणार असं वाटलं — आणि मी आरवलो. हो, मी. असा, मान वर करून. आणि मग ती हसली. 'अहो, तुम्ही होय?' म्हणाली, आणि हसतच राहिली. अहो, किती वर्षांनी! भिंतीला टेकून खाली बसलो मी. काल म्हटलं पुन्हा करू, तर म्हणाली, 'पुरे आता, त्याला द्या.'

तेव्हा विचार करा तुम्ही — ती मान तुमच्या पिशवीतून गेली, आणि उद्या तिनं म्हटलं 'त्याला द्या', तर मी काय देऊ? आणि परवापासून ती फोन कशाला करेल? मी जेवलो का ते विचारायला? पाच काय, पन्नास द्या, नाही द्यायचा मला. दुसरे आहेत शेडमध्ये, तपकिरी आहेत, पांढरे आहेत, चांगले आहेत, निम्म्यात देतो, उद्या या, दिवसाउजेडी बघा. याच्याकडे बघू नका. चहा राहू द्या तो, मी पिईन. तुम्ही — थांबा, फोन वाजतोय. तिचाच. निघा तुम्ही, निघा ना, दार हळू ओढा, तो दचकतो आवाजानं.

हॅलो. हो, मीच. खाल्लं त्यानं. हो, कोमट. आज कुठं काय, कुणी नाही आलेलं. मी? मी बराय. अगं, तू जेव— हो. हो, देतो त्याला.