देवळाची घंटा

“कुणाला खरं वाटणार न्हाई, पाळकसाहेब, पण म्या आळस पार सोडला!”

कामशेतच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या सावित्राबाईंनी कान टवकारले. पुढच्या बाकावर त्यांचा शेजारी शमुवेल पाळकांना खेटून बसला होता. रविवारी देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, ख्रिस्ती मंडळी नवा पंच निवडणार होती, आणि तो मान त्याला हवा होता.

“देवळाची पहाटेची घंटा रोज ऐकतो खरी मी, गोधडीतून,” पाळक म्हणाले.

“मीच वाजवतो की! कोंबडं आरवायच्या आत उठायचं, गार पाण्यानं आंघोळ, गुडघे टेकून प्रार्थना, मग घंटा. आता कोंबडंच मला बघून उठतंय.”

“पण कधी दोन टोल, तर कधी थांबतच नाहीत, ते कसं?”

“आत्म्याची प्रेरणा, साहेब. टोल मोजत बसलो तर भक्ती कसली?”

“आणि घंटेबरोबर कुणीतरी केकाटतं ते?”

“ते माजं स्तोत्र. गाऊन गाऊन घसा बसला, म्हणून तर हितं आलोय.”

सावित्राबाई ताडकन उठल्या.

“आरं लबाडा! बिबट्याचं भ्या घालून माजी शेळी रातीची देवळाच्या पडवीत बांधाया न्हेलीस, ती घंटंच्या दोरीला व्हय? पहाटं ती भुकेनं वरडती, दोरी वढती, अन् तू घोरत पडतूस! तरीच तिच्या मानंवर वळ हाईत. पाळकसाहेब, पंच करायचाच तर माज्या शेळीला करा. उठती तरी तीच!”