घरावरून जाणारी शर्यत

(हॉटेलची खोली. धाकटा पलंगावर आडवा, दमलेले पाय भिंतीला उंच टेकवलेले. ताई खुर्चीत.)

ताई : उद्या शर्यत आपल्या दारावरून जाणार आणि तू थांबणार नाहीस?

धाकटा : उद्या घड्याळाची शर्यत आहे, ताई. एकेकट्यानं सुटायचं. थांबलं की संपलं.

ताई : थापा मारू नकोस. घड्याळाची परवा. उद्या सगळे एकत्र सुटणार.

धाकटा : तुला कोणी सांगितलं? तुला तर सायकलीतलं ओ की ठो कळत नाही.

ताई : बाबांनी. आई गेल्यापासून टीव्हीसमोरून हलत नाहीत. लाकडी ट्रॅकवरची, चिखलातली, डोंगरातली, लागेल ती शर्यत बघतात आणि जेवताना माझं डोकं खातात. म्हणाले, ज्याचं घर वाटेत येतं त्याला बाकीचे पुढे सोडतात. घरच्यांना भेटून येईपर्यंत कोणी जोर लावत नाही.

धाकटा : आहे तशी पद्धत. शर्यतीतल्या पोरांनी काल स्वतःहून विचारलं.

ताई : मग?

धाकटा : नको म्हणालो.

ताई : आईचं शेवटचं तोंड बघायला पोचला नाहीस म्हणून? कोणी एका शब्दानं बोललंय का तुला?

धाकटा : तसं नाही गं.

ताई : मग कसं?

धाकटा : तुझा फोन आला तेव्हा घाटातला टप्पा नुकताच संपला होता. ऐकलं. पाय धुतले. जेवलो. झोपही लागली. तेव्हापासून तसंच चाललंय. उद्या दाराशी उतरलो, सगळी गल्ली बघत असणार, आणि मला काहीच वाटलं नाही तर?

ताई : बाबांनी निरोप दिलाय.

धाकटा : काय?

ताई : थांबायचं नसेल तर घराकडे मान वळवू नकोस म्हणाले. घोळक्यात मान वळवली की माणूस पडतो.

धाकटा : कुठे बसणार आहेत ते?

ताई : फाटकापाशी. आजच खुर्ची मांडून बसले होते. उद्या आहे म्हणून सांगून आत आणलं.

धाकटा : रडतात का गं?

ताई : एकदाही नाही. त्या दिवशीसुद्धा आल्यागेल्याला पाणी विचारत होते.

धाकटा : उतरलो तर बोलू काय त्यांच्याशी?

ताई : काही बोलू नकोस. दोघं जरा वेळ उभे राहा.