अर्ध्या डोक्याचा एमआरआय

शिमग्याला मी चक्कर आल्याचं सोंग करून गल्लीभर धावपळ करवली होती. म्हणून परवा सकाळी खरंच पडलो, तर शेजारी टाळ्या वाजवत म्हणाले, "झकास, काका!" ओकायला लागलो तेव्हा कुठे बायकोचा चेहरा उतरला. ती अंधेरीच्या बाजारात मासे विकते. बाजारात न्यायची पाटी दारातच सोडून तिने मला रिक्षात कोंबलं आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं.

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "मावशी, मेंदूचा एमआरआय करून घेऊ. नऊ हजार होतील."

"किती कमी करशील?"

"मावशी, भाव ठरलेला असतो."

"मग अर्ध्याच डोक्याचा काढ. हा उजवीकडे वळला की गरगरतो, डावी बाजू चांगली हाय. सुरमई नाय मी अर्धी कापून देत?"

मला पडल्या पडल्या हसू फुटलं. डॉक्टर मात्र थबकला. "फक्त उजवीकडे वळल्यावर? आणि थोडाच वेळ?"

त्याने माझे हातपाय तपासले, मान उजवीकडे वळवून मला झटकन आडवं केलं. छत गरागरा फिरलं. मग मान हळूहळू दुसरीकडे, मग कुशीवर, मग उठून बस. गरगर गायब!

"चक्कर मेंदूची नाही, कानातल्या दोषाची आहे. एमआरआय नको."

रविवारी तोच डॉक्टर पिशवी घेऊन बाजारात हजर. सुरमईचा भाव ऐकून त्यालाच घाम फुटला.

"मावशी, अर्धी द्या ना."

बायकोने सुरी खाली ठेवली. "डॉक्टर, अख्खीच घ्यावी लागेल. भाव ठरलेला असतो."